वाचताना छान होतं!

"वाचताना छान होतं रे, पण उभं नाही राहिलं!"

कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये दोन वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्याने निदान दहा वेळा तरी ऐकलेलं असतं. या वाक्याचं एक जुळं भावंडही आहे. "प्रयोग एकदम कडक झाला, पण स्क्रिप्टमध्ये काही दम नव्हता." पहिलं वाक्य ऐकून लेखक नाराज होतो, दुसरं ऐकून दिग्दर्शक. मग चहाच्या टपरीवर रात्री अकरापर्यंत वाद चालतो आणि दुसऱ्या दिवशीचं सबमिशन बोंबलतं.

दरवर्षी पावसाळ्यात एकांकिकेसाठी संहिता निवडायची वेळ आली की आमच्या ग्रुपचे सरळ दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं असं, की नाटक हे मुळात साहित्य आहे. भाषा हवी, विचार हवा, वाक्यं अशी हवीत की माणसाने घरी जाऊन वहीत उतरवून ठेवावीत. दुसरा तट म्हणतो, साहित्य हवं असेल तर लायब्ररीत जा. इथे लोक बघायला येतात. मूव्हमेंट, लाइट, म्युझिक, टायमिंग ही खरी भाषा आणि संहिता म्हणजे नुसतं निमित्त. माझं मत विचाराल तर दोन्ही तटांनी एकच घोटाळा केलाय. साहित्य म्हणजे सजवलेली वाक्यं आणि नाट्य म्हणजे हालचाल-आरडाओरडा, असं दोघांनीही धरून चाललंय. हा घोटाळा सुटला तर अर्धं भांडण तिथेच मिटेल.

हा वाद काही आपण शोधून काढलेला नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा आज आपण म्हणतो तशी लिहिलेली संवादांची संहिता नव्हतीच. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं त्या त्या प्रसंगाला सुचतील तशी भाषणं करायची. म्हणजे मराठी रंगभूमीचा जन्म प्रयोगातून झाला, पुस्तकातून नाही. पुढे 1861 साली विनायक जनार्दन कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' आलं. या तऱ्हेच्या, आधी लिहून-छापून मग रंगमंचावर येणाऱ्या नाटकांना लोक काय म्हणायचे माहितीये? 'बुकिश' नाटकं! तेव्हा हा शब्द नुसता प्रकार सांगायला वापरत. आज आपण एखाद्या संहितेला 'बुकिश' म्हणतो तेव्हा ती शिवी असते. दीडशे वर्षांत शब्दाचा रंग बदलला, पण प्रश्न तोच राहिला: नाटक बुकात असतं की रंगमंचावर?

त्याच्याही मागे जायचं तर भरताच्या नाट्यशास्त्रात जाता येईल. त्यात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. म्हणजे शब्दाच्या वाट्याला चारातला एक भाग आला. प्रयोगवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण त्याच भरताने वाणीला नाट्याचं शरीर म्हटलंय आणि तिच्यावर मेहनत घ्यायला सांगितलंय. तेव्हा टाळ्या जरा जपून.

आता एक गंमत बघा. मराठीतले तीन मोठे नाटककार आधी किंवा सोबतच मोठे कवी होते. राम गणेश गडकरी, वि. वा. शिरवाडकर आणि चिं. त्र्यं. खानोलकर. तिघांनीही कविता टोपणनावाने लिहिली: गोविंदाग्रज, कुसुमाग्रज आणि आरती प्रभू. आणि नाटकं मात्र तिघांचीही स्वतःच्या नावाने. कारणं प्रत्येकाची वेगळी असतील, पण मला उगाच वाटत राहतं की कवीला थिएटरच्या दारात चपला काढून आत यायला सांगितलंय. प्रश्न एवढाच, की कवी खरंच बाहेर थांबला का? अजिबात नाही. गडकऱ्यांच्या नाटकात तो पावलोपावली भेटतो, 'नटसम्राट'मध्येही भेटतो. मग तो तिथे आला म्हणून नाटकाचं बिघडलं का?

'नटसम्राट' घेऊ, कारण आपल्यापैकी निम्म्या लोकांनी त्यातली स्वगतं शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हटलेली असतात. डिसेंबर 1970 मध्ये हे नाटक आलं, डॉ. श्रीराम लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर उभा केला. 2016 साली त्यावर नाना पाटेकरांचा सिनेमा आला आणि पुन्हा एक अख्खी पिढी ती स्वगतं पाठ करायला लागली. स्पर्धांमध्ये ही स्वगतं कापून घेतलेली असतात. अंगावर शाल, हातात काठी, थरथरता आवाज. टाळ्या हमखास. पण नाटकात बसून तेच स्वगत ऐकलं तर काहीतरी वेगळंच होतं. का? कारण पहिल्याच अंकात आपण या माणसाला स्वतःच्या हाताने सगळं वाटून टाकताना पाहिलेलं असतं. मुलाला, मुलीला. हातचं काहीही राखून न ठेवता, राजासारखं. तो अगदी खुशीत असतो आणि आपल्या पोटात तेव्हाच गोळा येतो. नंतर त्याच पोरीच्या घरात त्याच्यावर पैसे चोरल्याचा आळ येतो. आणि त्याच्याही नंतर तो रस्त्यावर घर मागतो. म्हणजे ते मागणं सुंदर शब्दांत आहे म्हणून आपण रडत नाही. ज्याने दिलं तोच मागतोय, म्हणून रडतो. शब्द साहित्याचे आहेत, पण त्यांना वजन प्रसंगांच्या क्रमाने आलंय. स्वगत कापून आणलं की शब्द येतात, वजन मागे राहतं.

म्हणून मी स्वतःपुरती एक साधी कसोटी ठरवली आहे. वाक्य किती छान आहे हे बघायचं नाही. ते वाक्य बोलल्यावर रंगमंचावरच्या कुणाची तरी परिस्थिती बदलली का, हे बघायचं. बदलली तर ते नाट्य, मग ते वाक्य कितीही साधं असो. नसेल बदलली तर ते नुसतं छान वाक्य.

या कसोटीवर सगळ्यात जास्त शिकवणारं नाटक म्हणजे तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' (1967). ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी हा लेख अर्धवट सोडून आधी ते वाचलं तरी चालेल. एक हौशी नाटकमंडळी खेड्यात प्रयोगाला येते. वेळ घालवायला म्हणून खोटा खटला खेळायचं ठरतं आणि आरोपी होते लीला बेणारे. खेळता खेळता खोटा खटला खरा होत जातो. या नाटकात दाराची एक कडी आहे. सुरुवातीलाच त्या कडीत बेणारेचं बोट चेंगरतं. आपण हसतो, विसरून जातो. पुढे खटला अंगाशी यायला लागल्यावर ती निघून जायला बघते, तर तीच कडी बाहेरून अडकलेली! कडीबद्दल कुणीही भाषण करत नाही. समाजाच्या बंद दरवाज्यांवर एक ओळ नाही. पण ते दार उघडत नाही तेव्हा आपल्याला सगळं कळतं. आता सांगा, ही कडी कुणाची? दिग्दर्शकाची? नाही. ती तेंडुलकरांनी लिहिलेली आहे.

त्याच नाटकात सामंत नावाचा गावातला साधा माणूस आहे. साक्षीदार कमी पडतो म्हणून त्याला पिंजऱ्यात उभं करतात. आता साक्ष काय द्यायची? तो वाचत असलेल्या एका कादंबरीतला प्रसंग ठोकून देतो. ती कादंबरी कसली असेल हे ऐकताच कळतं: उसासे, हुंदके, बंद खोली. साहित्य म्हणून शून्य किमतीची. पण तो प्रसंग योगायोगाने बेणारेच्या आयुष्याला जाऊन भिडतो आणि खोलीतली हवाच बदलते. भिकार साहित्य, पण अव्वल दर्जाचं नाट्य! वाक्याची किंमत वाक्यात नसते, ते कुणासमोर आणि कधी बोललं जातं यात असते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आणि तरीही. याच नाटकाच्या शेवटाकडे बेणारेचं ते प्रसिद्ध स्वगत आहे. तेंडुलकरांना मुळात तिला असं बोलायला लावायचं नव्हतं, नाटक बसवणाऱ्यांच्या आग्रहावरून त्यांनी ते लिहिलं, ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. प्रयोगवाले मित्र यावर खूश होतात. म्हणतात, बघ, लेखकालाच ते नको होतं, ते साहित्य आहे. मला तसं वाटत नाही. कोर्टाने तिला बाजू मांडायला सेकंद मोजून दिलेले असतात आणि ती तेवढा वेळ गप्प असते. मग बाकीचे सगळे जागच्या जागी थिजतात आणि ती बोलते. म्हणजे आपण ऐकतो, पण ज्यांनी ऐकायला हवं त्यांच्यातल्या एकालाही ते ऐकू जात नाही. स्वगत संपतं, कोर्ट पुन्हा सुरू होतं आणि शिक्षा ठोठावली जाते. माझ्या कसोटीवर हे स्वगत खरं तर नापास व्हायला हवं, कारण त्याने रंगमंचावर कुणाचंच काही बदलत नाही. पण इथे न बदलणं हेच घडतं. बोलूनही काही झालं नाही हे आपण डोळ्यांनी बघतो. शेवटी सामंत तिच्याजवळ एक हिरवा कापडी पोपट ठेवून जातो. एवढं सगळं बोलणं झाल्यावर सगळ्यात जास्त लागतो तो एक मुका पोपट. पण स्वगत नसतं तर पोपट एवढा लागला असता का? मला शंका आहे.

'घाशीराम कोतवाल' (1972) हे प्रयोगवाल्यांचं आवडतं उदाहरण. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, रंगमंचावर माणसांचीच केलेली भिंत. 1980 साली हे नाटक युरोपात गेलं, मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या लोकांनी ते बघितलं आणि त्यांना ते भिडलं. मग शब्द लागतातच कशाला? मी पुस्तक काढून बघितलं. ती ब्राह्मणांची रांग संहितेतच आहे. रांग मध्येच पडदा होते, भिंत होते, पाठ फिरवते आणि पाठीमागे जे चाललंय ते झाकून टाकते. झाकणारेही तेच आणि देवाचं नाव घेणारेही तेच. पेशवाईतल्या पुण्यावर हजार शब्दांचा निबंध लिहिला असता तरी हे इतकं नेमकं सांगता आलं नसतं. जब्बार पटेलांनी आणि सगळ्या मंडळींनी ते ज्या ताकदीने उभं केलं त्याला तोड नाही. पण 'साहित्य लेखकाचं आणि नाट्य दिग्दर्शकाचं' ही वाटणी मला मान्य नाही. नाट्यसुद्धा आधी लिहावं लागतं. ते संवादात नसेल, कंसात असेल, एवढाच फरक.

उलट बाजूने एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' (1985) बघा. हे नाटक कादंबरीसारखं वाचता येतं. विदर्भातलं देशपांड्यांचं घर, बाप गेलेला, मुंबईचा भाऊ बायकोला घेऊन आलेला. कुणी उंच आवाजात घोषणा करत नाही. 'यात घडतंय काय?' असं पहिल्या वाचनात वाटू शकतं. पण वाड्यासमोर एक ट्रॅक्टर गंजत उभा आहे. आणि रात्री खोलीत घरातली थोरली सून घराण्याचे दागिने अंगावर घालून बघते, तो प्रसंग आठवा. बाई फक्त दागिने घालते. पण ते दागिने कुणाचे, कोण विकणार, कोण नेणार हे घरातल्या प्रत्येकाच्या मनात आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण श्वास रोखून बघतो. इथे साहित्य आणि नाट्य वेगळं काढून दाखवा बरं!

आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये (1974) तर मेलेला भाऊराव स्वतःच कीर्तन करतो. हे नाटक डोळ्यांनी वाचलं तर निम्मंच कळतं. कीर्तनाची चाल कानात वाजत असेल तरच त्यातला विनोद पोचतो आणि विनोदाखालची भीतीही पोचते. माझ्या मते हाही साहित्यगुणच आहे. कागदावर अशी भाषा लिहायची की वाचणाऱ्याच्या कानात ती आपोआप म्हटली जाईल, हे काय सोपं काम आहे?

आता आपल्या शाखेच्या भाषेत बोलू. फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी ड्रॉइंगच्या शीट मारल्यात (काहींनी ट्रेस मारल्यात, असो). शीट म्हणजे मशीन नव्हे हे कुणालाही कळतं. कागदावरचा गिअर फिरत नाही. पण म्हणून 'शीट कशीही चालेल, वर्कशॉपमध्ये बघून घेऊ' असं म्हणणाऱ्याला सर काय म्हणतील? संहिता ही अशी शीट आहे. पुढे फिरणाऱ्या वस्तूचं आधीच केलेलं ड्रॉइंग. शीटची रेघ सुंदर हवी, पण सुंदर रेघेचं मोजमाप चुकलेलं असेल तर ती भिंतीवर लावायची.

आणखी एक गोष्ट वर्कशॉपने शिकवली: क्लिअरन्स. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात योग्य तेवढी फट ठेवावी लागते. फट नसेल तर जाम होतं, जास्त असेल तर खडखडतं. आपल्या बऱ्याच 'साहित्यिक' एकांकिका जाम होतात. पात्राला दुःख झालं की ते दुःख झाल्याचं सांगतं, कसं झालं ते उपमा देऊन सांगतं, आणि समोरचं पात्र 'किती दुःख झालंय तुला' असं म्हणतं. मग नटाने करायचं काय? त्याच्यासाठी जागाच ठेवलेली नाही. आणि आपल्या 'प्रयोगशील' एकांकिका खडखडतात. निळा लाइट, लाल लाइट, बारा जण गोल फिरतायत, ढोल, किंचाळी, ब्लॅकआउट. फट एवढी मोठी की आत काही आहे की नाही हेच कळत नाही. पहिल्या पाच मिनिटांत आपण दिपतो, पंधराव्या मिनिटाला घड्याळ बघतो.

इथे साहित्यवाल्यांची बाजू मला जोरात घ्यावीशी वाटते. साहित्यगुण म्हणजे अलंकार नव्हे, नेमकेपणा. देवलांच्या 'शारदा'ची (1899) भाषा बघा, रोजच्या बोलण्यातली आहे. गडकऱ्यांचा थाट त्यात नाही. तरी ते नाटक आजही वाचता येतं, कारण पैशासाठी म्हाताऱ्याला पोरगी देणारा बाप नेमका कसा बोलेल हे देवलांना ठाऊक होतं. आपल्या एकांकिकांमध्ये रिक्षावाला, प्राध्यापक आणि आजी एकाच आवाजात बोलतात, लिहिणाऱ्याच्या. हा दोष लाइटने झाकला जात नाही. आणि प्रेक्षकाला पान मागे उलटता येत नाही हेही लेखकानेच लक्षात ठेवायचं असतं. कादंबरीत नाव विसरलं तर मागे जाऊन बघता येतं. नाटकात दुसऱ्या मिनिटाला सांगितलेली गोष्ट तिसाव्या मिनिटाला लागणार असेल तर ती मनात राहील अशीच सांगावी लागते. त्या कडीत चेंगरलेल्या बोटासारखी.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय? 2022 साली पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. 1963 पासून चालत आलेल्या स्पर्धेत असं झालं म्हणून बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं अन्याय, कुणी म्हणालं बरं झालं. त्या वर्षीच्या संघांचं काय चुकलं हे सांगायचा मला अधिकार नाही. पण 'आपण संहिता निवडतो कशी?' हा प्रश्न त्यानंतर प्रत्येक कॉलेजने स्वतःला विचारायला हवा होता, आणि आम्ही अजूनही पहिल्या वाचनाला कोण किती हसलं यावरच निवडतो. आपलं तर इंजिनिअरिंग कॉलेज. मराठीचा विभाग नाही, शिकवायला कुणी नाही. लिहिणारा लिहितो, मुलं करतात, स्पर्धा संपते, झेरॉक्स कुणाच्या तरी हॉस्टेलच्या पलंगाखाली जाते. पुढच्या वर्षीचा लेखक पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. ज्या चुका आधीच्या तीन बॅचनी केल्या त्याच चौथी करते. मेकॅनिकलच्या प्रोजेक्टचे रिपोर्ट आपण बाइंडिंग करून ठेवतो, मग एकांकिकेची संहिता का नाही?

म्हणून चार सूचना करतो, पटल्या तर बघा.

एक, प्रत्येक संहिता दोनदा वाचायची. एकदा ज्याने त्याने मनात, एकदा सगळ्यांसमोर मोठ्याने. मनात आवडलेलं मोठ्याने पडलं तर का पडलं, यावर बोलायचं. लेखकाने तेव्हा गप्प बसायचं.

दोन, लेखकाने संवाद लिहिण्याआधी एका पानावर फक्त घटना लिहायच्या. कोण येतं, काय मागतं, मिळतं की नाही. ते पान रिकामं वाटलं तर संवाद लिहून भरणार नाही.

तीन, तालमीत वाक्य कापायचं असेल तर दिग्दर्शकाने कारण सांगायचं. 'बोअर होतंय' हे कारण नाही. आणि लेखकाने ते वाक्य वाचवायचं असेल तर त्यानेही कारण सांगायचं. 'मला आवडतं' हेही कारण नाही.

चार, स्पर्धा संपल्यावर शेवटची संहिता, कापाकापीसकट, लायब्ररीत जमा करायची. पुढच्यांना मूळ वाक्य आणि खोडलेलं वाक्य दोन्ही दिसली पाहिजेत. माझ्या मते नाटक लिहायला शिकण्याचं याहून चांगलं पुस्तक मिळणार नाही.

शेवटी मित्रांनो, संहिता वाचताना छान असणं हा काही गुन्हा नाही. छान असायलाच हवी, नाहीतर दोन महिने लेक्चर बुडवून रोज रात्री तेच ते कशाला म्हणायचं? फक्त ती छान का वाटली हे तपासू या. शब्दांनी गुदगुल्या केल्या म्हणून, की वाचता वाचता समोर कुणीतरी उठून दाराकडे गेलेलं दिसलं म्हणून? यंदाचं वाचन सबमिशन संपलं की लगेच आहे. ज्यांनी काही लिहिलंय त्यांनी घेऊन यावं. ज्यांनी लिहिलेलं नाही त्यांनी कान घेऊन यावं.